नड कुणाला हाय?

वाघदरवाडीत कपडे धुण्याची मशीन एकाच घरात होती आणि गेली दोन वर्षं त्या मशिनीनं साधा हातरुमालसुद्धा धुतला नव्हता. धुणार कशानं? धारूरच्या घाटाखालचं गाव, दोन पावसाळे कोरडे गेलेले, विहिरींच्या तळाचा खडक उघडा पडलेला. मशीन वत्सलाबाईंना बक्षीस मिळालेली. गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन. तालुक्यात सगळ्यांत जास्त दूध घातलं म्हणून सत्काराच्या दिवशी नारळ, शाल आणि ही मशीन. टेम्पोतून उतरवून घेताना अर्धी गल्ली हात लावायला आली होती. मग दुष्काळ आला, निम्म्या गाई बाजारात गेल्या, दुधाचे कॅन उपडे पडले, आणि वत्सलाबाईंनी मशिनीवर विणलेला रुमाल टाकून त्यावर देवीचा फोटो ठेवून दिला.

पण बाईंचं चेअरमनपण काही उपडं पडलं नाही, उलट वाढलं. त्याचं कारण टँकर. आधी टँकर भगवानरावाच्या दारात उभा राहायचा. भगवानराव म्हणजे गावचा पुढारी, घरावर दोन टाक्या. त्या भरल्या की उरलेलं गावाला. बायका घागरी घेऊन उन्हात बसायच्या आणि वाटेला काय यायचं, तर चिखलासकट एक-दोन घागरी. वत्सलाबाईंनी एक दिवस संस्थेच्या सगळ्या बायका घेतल्या आणि तहसीलीत जाऊन ठाण मांडलं. आल्या त्या टँकर संस्थेच्या ताब्यात घेऊनच आल्या. तेव्हापासून एक दिवसाआड टँकर देवळापुढं यायचा, पाईप वत्सलाबाईंच्या हातात असायचा, आणि चुलीमागं पाच घागरी, ना एक कमी ना एक जास्त. भगवानरावालासुद्धा पाचच. गावानं काय वाहवा केली म्हणता!

आणखी एक नियम बाईंनीच घालून दिला होता. सगळ्यांच्या पाच-पाच भरून झाल्या की टँकरच्या तळाला दोन-तीन घागरी उरायच्या. त्या कुणाच्याच नाहीत. बाई पाईप वर धरून तीनदा हाळी द्यायच्या, "नड कुणाला हाय? नड कुणाला हाय? नड कुणाला हाय?" कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, कुणाची गाय व्यायली असेल, त्यानं पुढं व्हायचं. कुणीच नाही आलं तर पाणी देवळाजवळच्या हौदात, जनावरांना. त्या हाळीवर गावाचा इतका विश्वास की खोटी नड सांगून कुणी पुढं यायचं नाही.

आता ऐका बाईंनी काय केलं ते.

त्यांच्या धाकट्याला, म्हणजे राधाकिशनला, दिंद्रुडची पाहुणेमंडळी बघायला यायची होती. पुढचा रविवार ठरला. मुलगी शिकलेली, घर मातब्बर. आणि इकडं स्वयंपाकघराची जमीन अशी की पाट ठेवला तर डुगडुगावा. बबनराव, बाईंचे मालक, म्हणाले, "फरशी बसवून घेऊ. दुष्काळात मिस्त्री रिकामेच बसल्यात." उत्तरेश्वर मिस्त्री आला, बघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "वैनी, बाकी समदं हाय, पर पाणी लागंल. सिमिट काय थुंकीनं कालवायचंय व्हय? बसवल्यावर वरून चार दिवस मारावं लागंल, न्हाईतर फरशी पोकळ राहती."

पाच घागरींत प्यायचं, रांधायचं, गाईला दाखवायचं. त्यात सिमेंट कुठून कालवणार? त्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी टँकरच्या तळाशी दोन घागरी उरल्या. बाईंनी पाईप हातात धरला, तोंड उघडलं, आणि हाळी काही दिलीच नाही. "झालं बाई, संपलं," एवढंच म्हणाल्या. बायका पांगल्यावर ड्रायव्हरला म्हणाल्या, "तळाचं माझ्या घागरीत सोड, हौदात टाकते." आणि हौदाकडं न जाता मागल्या दारानं घरात. पण ठेवायचं कशात? घरातला ड्रम गल्लीला तोंडपाठ, दोन बोटं पाणी वर चढलं तरी शेजारीण विचारणार. बाईंची नजर मशिनीवर गेली. देवीचा फोटो उचलून बाजूला ठेवला, झाकण उघडलं आणि दोन्ही घागरी आत रिकाम्या केल्या. मशीन आधी विसळून घ्यायची असते, पण विसळायलाही पाणीच लागतं! फोटो परत जागेवर ठेवताना बाईंनी देवीकडं बघितलं नाही.

मंगळवारी तर हद्द झाली. केशरबाई रांगेतून पुढं आली. केशर म्हणजे गल्लीच्या टोकाच्या आश्रुबाची बायको. नवरा-बायको दोघं दर साली ऊस तोडायला जाणारी. यंदा कारखाना लवकर बंद पडला, त्यात लेक रतन पहिलटकरीण माहेरी आलेली, म्हणून गावातच होती. चारच दिवसांमागं रतनला मुलगी झाली होती.

"वत्सलाक्का," केशर हळूच म्हणाली, "उद्या पाचवी हाय. चार दिस झालं, लेकराला नुसतं तेलाच्या बोळ्यानं पुसतोय. रतनच्या अंगाला तर पाणीच न्हाई. तळाच्या दोन घागरी मिळतीन का? नड हाय मनून म्हन्ते."

"शेवटाला बघू," बाई म्हणाल्या.

शेवटाला केशर उभीच होती. टँकरात दोन घागरी होत्या, पाईप जड लागत होता, बाईंना हाताला कळत होतं. डोळ्यांपुढं मात्र दिंद्रुडची माणसं आणि डुगडुगणारा पाट. "कोरडा झाला गं केशर," बाई म्हणाल्या. "आज काहीच न्हाई उरलं."

केशर काय म्हणाली? "आता टँकरात न्हाई तर तुमी तरी काय करसाल, आक्का," असं उलट बाईंनाच समजावून रिकामी घागर कमरेवर घेऊन गेली. बाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. तरी अर्ध्या तासानं त्या दोन घागरी मशिनीत गेल्याच. माणूस एकदा घसरला की मग थांबत नाही. मशीन काठोकाठ भरली.

मिस्त्री गुरुवारी यायचा होता. बाईंचा बेत असा, की बुधवारी संध्याकाळी सगळं पाणी बादल्यांत, पातेल्यांत काढायचं, घरचंच साठवलेलं म्हणून सांगायचं. पण उत्तरेश्वर बुधवारी सकाळीच थापी-ओळंबा घेऊन दारात हजर. "गुरवारी मला नांदूरघाटाला जावं लागतंय. आजच सुरू करू. सामान काढा भाईर."

बबनरावांनी लगेच ओसरीवरून आवाज दिला, "आरं, हात लावायला या रे!"

आमच्याकडं ही रीतच. कुणाचं पत्र्याचं कपाट हलवायचं असो, कणगी उचलायची असो, हाळी गेली की चार गडी हातातलं काम टाकून येतात. मजुरी कुणी मागत नाही, चहावर भागतं. भारत आला, दोन म्हशींचा मालक आणि गावभरचा बडबड्या. आणि त्याच्या मागं पटका गुंडाळत आश्रुबा आला. त्याला बघितल्याबरोबर बाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. अरे देवा, ह्यालाच यायचं होतं का!

आधी फ्रिज निघाला. मग कपाट. मग घरघंटी, पीठ दळायची. ती दगडांची, तिनं चौघांचा घाम काढला. भारत म्हणाला, "मालक, हिच्यापेक्षा बैल उचलनं सोपं!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मशिनीपुढं उभ्या होत्या, फोटोच्या चौकटीला हात लावून.

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "ती कोपऱ्यात हाय. तिच्या भवताली बसवा फरशी."

मिस्त्री ओरडला, "वैनी, आता मशिनीखाली काय मातीची जिमीन ठिवायची? पाव्हनं म्हन्तीन मिस्त्री पळून गेला."

"हिची मोटर नाजूक हाय."

"आमी काय आदळतोय का?" बबनराव चिडले. "सरक बाजूला. काय वेड लागलं का तुला?"

बिचाऱ्या बबनरावांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनीच फोटो उचलला, रुमाल झटकला. भारतानं एक बाजू धरली, आश्रुबानं दुसरी, बबनराव मागून. "हं, उचल!" म्हणून जोर लावला तर मशीन वीतभरसुद्धा उठेना. भारतचे डोळे पांढरे झाले.

"आयला, ही एवढी जड कावून हाय बे?"

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. डुबुक. लहानसाच, पण ज्यानं सहा महिने पाण्याची वाट बघितली त्याला तो आवाज झोपेतसुद्धा ओळखू येईल. भारत स्वतःच कण्हत होता, त्यानं ऐकला नाही. बबनरावांच्या कानावर मागंच परिणाम झालेला. आश्रुबानं मात्र ऐकला. तो जागच्या जागी थांबला. त्यानं झाकणाकडं बघितलं, मग मान वर करून वत्सलाबाईंकडं बघितलं. आता हा झाकण उघडणार. आता बोलणार, आणि बारा वाजायच्या आत देवळापुढं गाव गोळा होणार.

आश्रुबानं पटका काढला आणि झाकणावरून फिरवून घट्ट आवळून बांधला.

"थांब बे भारत," तो म्हणाला. "मोटर हाय आत. तिरपी केलीस तर कामातून जाईल. उभीच्या उभी न्यायची. मिस्त्री, तुमीबी या हिकडून."

चौघांनी मशीन उचलली. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत वीस पावलं, पण किती वेळ लागला म्हणून सांगू! आश्रुबा मागं मागं चालत होता, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि दर दोन पावलांनी म्हणत होता, "हळू. हळू रे. हालू देऊ नका." उंबऱ्यावर एकदा धक्का बसलाच आणि पटक्याखालून पाण्याचा बारीक ओघळ मशिनीच्या अंगावरून खाली आला. आश्रुबानं पोट पुढं करून तो सदऱ्यानं टिपला. ओसरीच्या कोपऱ्यात मशीन टेकवली तेव्हा एक थेंबसुद्धा जमिनीला लागलेला नव्हता.

बाई आत पळाल्या, चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा हातातून खाली पडला. चहा घेऊन बाहेर आल्या तर आश्रुबा पटका परत डोक्याला गुंडाळत होता. ओला पटका. भारत आणि मिस्त्रीनं कप उचलले.

"भावजी, चा," बाई म्हणाल्या.

"नगं वैनी. चाला पाणी लागतंय," आश्रुबा म्हणाला. रागानं नाही, अगदी साधं म्हणाला. आणि पायऱ्या उतरून गेला.

त्यापेक्षा त्यानं चारचौघांत तोंडावर थुंकलं असतं तरी बरं, असं बाईंना झालं. चोर ती बाई, आणि तिची चोरी पोटाशी धरून उचलून नेली कुणी, तर ज्याच्या नातीच्या अंगाला पाणी नाही त्यानं! बाई भिंतीला टेकून बसल्या. भगवानरावाला त्यांनी देवळापुढं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "लोकांच्या तोंडचं काढून टाक्या भरता, रात्री झोप लागती का?" तेच शब्द आता स्वतःच्या अंगावर येत होते. झोप लागत होती. तीन रात्री अगदी व्यवस्थित लागली होती. त्याचीच बाईंना आता किळस आली.

दुपारी मिस्त्री भाकरी खाऊन आडवा झाला, बबनराव वाळू बघायला गेले. बाईंनी मशिनीची नळी खाली सोडली, खटका फिरवला आणि दोन घागरी भरून घेतल्या. नजर सगळी गल्लीकडं. घागरीत काय पडतंय ते बघायला कुठली सवड! एक डोक्यावर, एक कमरेवर, वर पदर झाकला आणि मागल्या वाटेनं केशरच्या घरी.

केशर परसात पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर बाळ, तेलानं माखलेलं, लालबुंद, इवल्या मुठी आवळून. शेजारी रतन खाटेवर. आश्रुबा दावणीपाशी गाईचा चारा झटकत होता.

"आगं बया! आक्का!" केशरचा चेहरा एकदम उजळला. "पाणी आनलं? कुठून वो?"

"घे," बाई म्हणाल्या. घागरी पाटाजवळ टेकवल्या.

"बघ रतन, काल टँकर कोरडा झाला मनून आक्कानं घरच्या पाच घागरींतनं काढून आनलं. अशी मानसं हायत मनून गाव हाय गं!" केशर म्हणाली. "ओता आक्का, तुमच्याच हातानं ओता घंगाळात. लेकराला तुमचा हात लागू द्या."

बाईंनी घागर वाकडी केली. पाणी घंगाळात पडलं आणि पडल्याबरोबर फेस उसळला. पांढरा, दाट. दोन वर्षांपूर्वीची पावडर मशिनीच्या बुडाला वाळून बसलेली, सकाळच्या हिसक्यांनी ती सगळी विरघळली होती. परसात साबणाचा उग्र वास सुटला. बाळ शिंकलं.

केशरनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं. गावात मशीन एकाच घरी, आणि सकाळी ती उचलायला कोण गेलतं हेही तिला ठाऊक. तिनं नवऱ्याकडं बघितलं. आश्रुबानं मान खाली घातली आणि तोच तोच चारा परत झटकायला लागला.

"मशिनीतलं हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. "तळाचं पाणी, केशर. रविवारी मी हाळीच दिली न्हाई. आन् काल तुला कोरडा झाला म्हन्लं तवा आत दोन घागरी व्हत्या. माज्या हाताला कळत व्हतं. फरशीसाठी ठिवलं मी. माझ्या फरशीसाठी!"

बाईंना वाटलं, आता ही घागर अंगावर ओतेल. ओतू दे. पण केशरनं तसलं काही केलं नाही. ती वाकली, पदराचं कोरडं टोक घेतलं आणि बाळाच्या अंगाचं तेल टिपायला लागली. मानेखालचं, काखेतलं, बोटांच्या बेचक्यांतलं. सावकाश, एकेक.

"ह्या पाण्यानं लेकराची कातडी निघंल, आक्का," ती म्हणाली. "आजबी पुसूनच घेते."

बाई घागर उचलायला गेल्या. "टाकून येते."

"टाकता कशाला? पाणी हाय ते. ठिवा. लंगोट धुयाला व्हईल."

बाईंना तिथं उभं राहवेना. त्या घरी धावल्या, रांजणातली होती नव्हती तेवढी एक घागर प्यायचं पाणी उपसलं आणि परत आल्या. ते पाणी केशरनं घेतलं, चुलीवर ठेवलं, पण ह्या वेळी "आक्का, तुमच्या हातानं" म्हणाली नाही. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. बाळ रडल्याचा, मग गप्प झाल्याचा आवाज ऐकला आणि वळल्या. तर आश्रुबा वाटेत उभा.

"वैनी, गावात बोलू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काय तुमच्यासाठी झाकलं न्हाई. तुमच्या हातातनं पाईप गेला तर तो भगवानरावाकडं जाईल. मंग आमच्या गल्लीला काय? पाचाच्या जागी एकबी न्हाई. मनून झाकलं."

म्हणजे एवढंच. त्याच्या मनात बाईंची इज्जत नव्हतीच, पाच घागरी होत्या.

गुरुवारी टँकर आला. देवळापुढं रांग लागली. वत्सलाबाई टँकरच्या चाकाजवळच्या दगडावर चढल्या आणि म्हणाल्या, "आजपासनं पाईप केशरबाई धरंल. संस्थेच्या समद्या बायांनी तिला साथ द्यायची. तिला एक घागर जास्त न्हाई, कमीबी न्हाई."

"कावून? तुमाला काय झालं?" साखराबाई, संस्थेतलीच एक जुनी सभासद, म्हणाली. भगवानराव पुढं सरकला. आश्रुबानं कपाळावर हात मारला.

"मी तळाचं पाणी चोरलं," बाई म्हणाल्या. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "चार घागरी. मशिनीत लपवल्या. केशरच्या नातीच्या पाचवीला पाणी मागितलं तर तिला खोटं बोलले."

मागून भारतचा आवाज आला, "तरीच! तरीच म्हन्लं मशीन एवढी जड कावून व्हती बे!" आणि गर्दीत हशा उसळला. हशा, मग शिव्या, मग साखराबाईनं जमिनीवर पचकन थुंकलेलं. बबनराव तिथून निघून गेले. भगवानराव म्हणाला, "मग माझंच काय वाईट व्हतं?" त्यावर मात्र बायका त्याच्या अंगावर अशा धावून गेल्या की तो गुमान रांगेत जाऊन उभा राहिला. केशर पुढं आली. बाईंच्या हातातला पाईप तिनं काढून घेतला, त्यांच्याकडं न बघता.

बाई रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या राहिल्या. पाच घागरी भरल्या. तिकडं घरी मिस्त्रीनं काल मशिनीत उरलेल्या पाण्यात जेमतेम कालवून अर्धी फरशी बसवली होती आणि वरून मारायला पाणी नव्हतं. नांदूरघाटाला जाता जाता सकाळीच त्यानं थापीनं ठोकून दाखवली होती, टक टक, पोकळ. दिंद्रुडचे पाहुणे त्यावरच बसणार होते.

सगळ्यांचं भरून झालं. केशरनं पाईप वर धरला. पहिलीच वेळ, आवाज कापरा.

"नड कुणाला हाय?"

कुणी हललं नाही. "नड कुणाला हाय?" तिनं पुन्हा विचारलं आणि ह्या वेळी सरळ वत्सलाबाईंकडं बघितलं. सगळ्या गावानं बघितलं. बाईंनी मान खाली घातली. "नड कुणाला हाय?" तिसऱ्यांदा. मग केशरनं पाईप हौदात सोडला. शेळ्या, वासरं एकमेकांना ढुशा देत धावली आणि दोन घागरी पाणी बघता बघता संपलं.

घागर उचलून बाई निघाल्या तर मागून केशर आली. कालपासून पहिल्यांदाच तिनं हाक मारली.

"आक्का, फरशीला पाणी पायजे व्हतं न्हवं? मी तुमच्याकडंच बघत व्हते. मग बोलला कावून न्हाईत?"

वत्सलाबाई थांबल्या. समोर गल्लीच्या टोकाला केशरच्या परसातल्या दोरीवर लंगोटांची ओळ वाळत होती. गावात इतकं पांढरं कापड कुठल्याच घरी नव्हतं.

"ती नड न्हवती, केशर," त्या म्हणाल्या.